वावराला आच्छादन, मग डोक्यावर का नाही?

(किन्हीराजा, ता. मालेगाव, जि. वाशिम येथील शेतकरी बैठकीत केलेले भाषण)



आजच्या पत्रकात माझ्या नावापुढे 'घराचे छत' असा विषय छापला आहे. तो वाचून सकाळी एकाने मला अडवले. म्हणाला, "भाऊ, कापसाच्या भावाचे बोलायचे सोडून तुम्ही छतावर काय बोलणार?" प्रश्न रास्त आहे. भावाचे बोलणारी मंडळी माझ्यानंतर आहेत आणि ती माझ्यापेक्षा चांगली बोलतील. मी तुमचा थोडा वेळ घेणार आहे तो एका साध्या कामासाठी. या कामाला कोणाकडे अर्ज करावा लागत नाही, आणि त्याला लागणारा बराचसा माल आपण दरवर्षी धुऱ्यावर पेटवून देतो.

आईचा प्रश्न

मी अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकलो. शिकून बाहेर पडल्यावर पहिली काही वर्षे गावोगाव फिरून एकच गोष्ट सांगत होतो : कोरडवाहू जमिनीत ओल टिकवायची असेल तर पिकाच्या ओळींमध्ये पालापाचोळा, गव्हांडा, कुटार पसरा. आच्छादन करा. ऊन थेट मातीवर पडले नाही तर माती तापत नाही, माती तापली नाही तर ओल उडत नाही. तुमच्यापैकी काहींनी ते करून पाहिले आहे, त्यांना मी नवीन काही सांगत नाही.

माझे गावाकडचे घर पूर्वी धाब्याचे होते. ते खचले. विटांच्या तीन खोल्या बांधल्या आणि वर टिनपत्रा टाकला, जसा तुम्ही टाकला. एका वैशाखात भर दुपारी मी बैठकीहून घरी आलो तर आई खाटेवर पडलेली. अंग तव्यासारखे तापलेले, घामाचा थेंब नाही, बोलणे भलतेच काहीतरी. ओल्या चादरीत गुंडाळून, वाटेत पाणी शिंपडत दवाखान्यात नेले. वाचली. तीन दिवसांनी घरी आणली. खाटेवर टेकून ती वर पत्र्याकडे पाहत राहिली आणि मला म्हणाली, "बाबू, तू लोकायले सांगतं का वावरात कुटार टाका, माती थंडी राह्यते. मंग माह्या डोक्श्यावर काऊन नाही टाकत?"

मी शेतीची पदवी घेतलेला माणूस. मला उत्तर देता आले नाही.

एक गोष्ट ध्यानात घ्या. ती उन्हात नव्हती. निंदणाला, वेचणीला गेली नव्हती. घरात होती, सावलीत होती. ऊन लागायला उन्हात जावे लागते असा आपला समज आहे. पत्र्याखाली ऊन घरात येऊन लागते. आणि दुपारी घरात कोण असते? म्हातारी माणसे, बाळंतीण, तान्हे पोर, आजारी माणूस. धडधाकट माणूस निंबाच्या झाडाखाली जाऊन बसतो. ज्याला उठून जाता येत नाही तोच पत्र्याखाली सापडतो.

शहराने मोजले, आपण मोजत नाही

२०१० च्या मे महिन्यात अहमदाबाद शहरात उष्णतेची मोठी लाट आली. नंतर अभ्यासकांनी त्या महिन्यातल्या मृत्यूंची आधीच्या वर्षांशी तुलना केली, तेव्हा नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे जास्त गेल्याचे दिसले. त्यातून २०१३ साली त्या शहराने उष्णतेसाठी कृती आराखडा केला, आणि पुढे झोपडपट्टीतली छपरे पांढरी करण्याचे कामही हाती घेतले. तेलंगण सरकारने तर २०२३ साली छपरे थंड ठेवण्याचे धोरणच जाहीर केले.

आपल्या गावात असा हिशेब कोण ठेवतो? वैशाखात म्हातारा गेला की आपण म्हणतो, वय झाले होते. आपण कापसाचा उत्पादनखर्च मांडतो, त्यात बियाणे धरतो, खत धरतो, मजुरी धरतो, बैलाचा चारा धरतो. बैलाच्या गोठ्याला कडब्याचे छप्पर असते, कारण बैल तापला तर दुसऱ्या दिवशी वखर चालत नाही हे आपल्याला कळते. घरातला माणूस रात्रभर तळमळला तर दुसऱ्या दिवशी त्याचे काम किती होते, हे मात्र कोणत्याच खर्चात धरलेले नाही.

पत्रा तापतो म्हणजे काय होते

भर दुपारी टिनाचे तापमान साठ अंशांच्या पुढे जाते. पत्रा पातळ, लोखंडाचा. वरच्या बाजूला लागलेली उष्णता क्षणात खालच्या बाजूला येते. मग तो खाली दोन तऱ्हेने तापवतो. एक, त्याला लागून असलेली हवा तापते. दोन, तापलेला पत्रा थेट आपल्या अंगावर आच मारतो. शेकोटीपुढे बसल्यावर पाठ गार असते आणि तोंड भाजते, तीच गोष्ट. म्हणून पंखा लावला तरी टिनाच्या खोलीत डोके तापलेलेच राहते.

ही आच अडवायची तर मध्ये असे काहीतरी पाहिजे ज्यात हवा कोंडलेली आहे. स्थिर, कोंडलेली हवा उष्णता फार हळू पुढे जाऊ देते. गोधडी ऊब देते ती कापडामुळे कमी, तिच्यातल्या कोंडलेल्या हवेमुळे जास्त. कापसाच्या गादीत तेच, कडब्याच्या धांड्यातल्या भुसभुशीत गाभ्यात तेच, कुटारात तेच. बाजारात थर्माकोल विकतात तोही म्हणजे कोंडलेली हवाच. ही वस्तू आपल्या वावरात पिकते.

धाबे का गेले?

जुनी माणसे म्हणतील, आमचे धाब्याचे घर काय वाईट होते? खरे आहे, उन्हाळ्यात त्याच्यासारखे घर नाही. लाकडी सऱ्या, त्यावर फळ्या किंवा काटक्या, आणि वर हात-दीड हात पांढरी माती. दुपारचे ऊन त्या मातीत मुरता मुरता संध्याकाळ होई. मराठवाड्यात त्यालाच माळवद म्हणतात.

पण त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. गावेच्या गावे झोपेत होती. दगडमातीच्या भिंती ढासळल्या आणि त्यांच्यावरची जड माळवदे माणसांच्या अंगावर आली. हजारो माणसे गेली. तेव्हा आपला वाशिम जिल्हा व्हायचा होता, तो १९९८ साली झाला. पण लातूर काही फार लांब नाही, धास्ती सगळीकडे बसली. त्यात सागवान महागले, वाळवी लागली, दर पावसाळ्याआधी वर माती टाकायला माणसे मिळेनात. म्हणून लोकांनी टिन घेतले. लोक चुकले असे मी म्हणणार नाही. डोक्यावरचे वजन उतरवले हे शहाणपणाचेच झाले. फक्त वजनाबरोबर सावलीही उतरली.

आता साधा हिशेब करू. दहा फूट बाय पंधरा फुटांची खोली घ्या. तिच्यावर एक फूट माती टाकली तर वजन होते साडेसहा टनांच्या आसपास. त्याच खोलीवर चार इंच जाडीचा सुका कडबा अंथरला तर वजन होते सव्वा क्विंटल. आणि उष्णता अडवण्याच्या बाबतीत चार इंच सुका कडबा सुमारे तीन फूट मातीच्या बरोबरीचा आहे. मातीत आणखी एक गुण आहे, ती उष्णता पोटात साठवून उशिरा सोडते. तो कडब्यात नाही. पण अडवण्याचे काम तो चोख करतो, आणि उद्या कोसळलाच तर माणूस त्याखाली मरत नाही.

काम कसे करायचे

हे काम तूर निघाल्यानंतर, होळीच्या आत करावे. माल खडखडीत वाळलेला असतो, हाताला सवड असते, आणि ऊन चढायच्या आत छत तयार होते.

पहिले काम वरचे. पत्रा गळतो का ते पाहा. खिळ्या-बोल्टांची भोके डांबर आणि वायसर लावून बंद करा. गळक्या पत्र्याखाली कडबा टाकणे म्हणजे घरात उकिरडा करणे. मग पत्र्यावर बाहेरून दाट चुना मारा. चुना भिजवताना त्यात थोडा फेविकॉल घातला तर लवकर झडत नाही. पांढऱ्या रंगावरून बरेचसे ऊन परत जाते. पावसाळ्यात चुना धुऊन जातो, दरवर्षी फाल्गुनात पुन्हा हात मारावा लागतो. ज्यांच्या हातून पुढचे काही होणार नाही त्यांनी एवढे तरी करावे. छपरावर चढताना फळी टाकून तिच्यावरून चाला. सिमेंटच्या पत्र्यावर पाय थेट ठेवूच नका, तो मोडतो. त्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असतात, ते छातीत गेले तर फुप्फुसाचा रोग देतात. म्हणून तो पत्रा सुका घासायचा नाही, कापायचा नाही.

दुसरे काम चौकटीचे. भिंतीलगत मेढी उभ्या करा, त्यांची बुडे डांबरात बुडवलेली असावीत. त्यावर आडवे बांबू, दीड-दीड फुटावर, तारेने आवळून. पत्र्याच्या पाइपाला छत लटकवू नका. आपल्याकडे वादळात टिने उडतात. टिन उडाले तरी आतले छत जागेवर राहिले पाहिजे, आणि छताचा भार टिनावर येता कामा नये.

तिसरे, बांबूंवर तुराट्यांचा ताटवा किंवा बुरडाकडची तट्टी अंथरा. त्यावर शेणमातीच्या पातळ काल्यात बुडवलेली तागाची पोती पसरा आणि वाळू द्या. म्हणजे वरचा कचरा खाली गळत नाही. त्यावर चार इंच कडबा, एक थर उभा, दुसरा आडवा. दाबून घट्ट करू नका, दाबला की आतली हवा गेली. कडबा कमी असेल तर गव्हांडा किंवा सोयाबीनचे कुटार चालते. चाऱ्याची टंचाई असेल त्या वर्षी कडबा आधी गुरांना, छताला कुटार. मग वरून आणि खालून शेणमातीचा हात, पाव इंचाहून जाड नको. सगळे मिळून वजन पाच क्विंटलांच्या आत बसते.

चौथे, पत्रा आणि कडबा यांच्यात निदान एक फूट मोकळी जागा पाहिजे, आणि समोरासमोरच्या भिंतींत वर झरोके पाहिजेत. पत्र्याने तापवलेली हवा तिथून निघून जाते. झरोक्यांना बारीक तारेची जाळी मारा, नाहीतर उंदीर येतात, आणि उंदरामागे साप येतो.

बांबू, तार, चुना आणि जाळी एवढाच काय तो रोख खर्च. कडबा, तुराट्या, शेण, माती घरची. एका खोलीचे काम चार माणसांचे दोन दिवसांचे. इर्जिक करा. आज तुमची खोली, उद्या माझी.

इथे चूक चालत नाही

आता जे सांगतो ते सगळ्यांत महत्त्वाचे. कडबा हे जळण आहे.

ज्या खोलीत चूल आहे त्या खोलीत कडब्याचे छत करायचे नाही. तिथे चुना मारा, धुराडे मोठे करा, बस. विजेची एकही तार कडब्यातून जाता कामा नये. तारा भिंतीवरून पाइपातून घ्या, जोड उघडा ठेवू नका, दिवा छतापासून हातभर खाली असू द्या. देव्हाऱ्यातला दिवा, कंदील, बिडी यांचा विचार करा. शेणमातीचा हात दोन्ही बाजूंनी पुरा असला तर आग पटकन धरत नाही. टाकणखार आणि बोरिक अ‍ॅसिड पाण्यात विरघळवून कडब्यावर शिंपडले आणि वाळवले, तर कडबा लवकर पेट घेत नाही आणि वाळवीलाही आवर बसतो. पण मग तो कडबा पुन्हा गुरांना घालायचा नाही, आणि ते पाणी पोरांच्या हाती लागू द्यायचे नाही.

वाळवी लागेल म्हणून फवारणीचे औषध छतावर मारू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने आपली किती माणसे गेली हे विसरलात काय? उघड्या वावरात जे मारते ते बंद खोलीत झोपलेल्या लेकराच्या डोक्यावर मारायचे नसते.

आणि पऱ्हाट्यांबद्दल. पऱ्हाटीचा ताटवा मजबूत होतो हे खरे. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेने पऱ्हाट्यांच्या भुशापासून फळ्या तयार करण्याची पद्धत बसवली आहे. एकरी टनभर निघणारा हा माल आपण कचरा समजतो. पण पऱ्हाटीवर राहिलेल्या कवड्यांमध्ये गुलाबी बोंडअळी झोपून राहते. २०१७ च्या हंगामात तिने आपले काय केले ते तुम्हाला ठाऊक आहे. कवड्या न काढता पऱ्हाट्या घरात रचल्या, तर पुढच्या हंगामासाठी अळी आपणच सांभाळून ठेवली असे होईल. म्हणून फरदड घेऊ नका. छतासाठी तुराट्या वापरा. पऱ्हाट्याच वापरायच्या असतील तर एकूण एक कवडी तोडून जाळा, मगच घरात आणा.

माझे पहिले छत पडले

हे सगळे मी पुस्तकातून शिकलो नाही. आई दवाखान्यातून आली त्याच आठवड्यात मी घाईघाईने पत्र्याला चिकटूनच कडबा भरला. मध्ये जागा सोडली नाही, झरोके ठेवले नाहीत, पत्र्याची भोके पाहिली नाहीत. पंधरा दिवस खोली बरी वाटली. मृगाचा पाऊस आला, दोन भोकांतून पाणी झिरपले, कडबा कुजला, वास सुटला, उंदरांनी बिळे केली. आषाढात मीच ते सगळे ओढून काढले. आई दारात उभी राहून पाहत होती. म्हणाली, "वावरात तं तू नाली काढून मंग पेरतं. अथी काऊन नाही काढली?" पुढच्या फाल्गुनात तिला खुर्ची देऊन बाहेर बसवले आणि तिच्या देखरेखीखाली दुसरे छत केले. ते आजही आहे.

फरक किती पडला हे माझ्याकडून ऐकू नका. बाजारातून दोन साधी तापमापके आणा. एक छत केलेल्या खोलीत टांगा, एक शेजारच्या उघड्या टिनाच्या खोलीत. चैत्रापासून रोज दुपारी तीनला आणि रात्री नऊला आकडे लिहून ठेवा. पुढच्या बैठकीला वही घेऊन या. आपल्या चळवळीने हिशेब मांडायला शिकवले आहे, तो इथेही मांडू.

खोटी आशा मात्र दाखवत नाही. हे छत म्हणजे कूलर नव्हे. बाहेर पंचेचाळीस अंश असताना खोली थंडगार होणार नाही. डोक्यावरची आच थांबेल, एवढेच. दुपारी दारे-खिडक्या लावून घ्या, रात्री उघडा. टिन रात्री लवकर निवते, पण छताखालची उष्णता तेवढ्या लवकर निघत नाही, म्हणून रात्री वारा खेळता पाहिजे. खोलीतली हवाच चाळीस अंशांच्या वर गेली तर नुसता पंखा अंग गार करत नाही, उलट तापवतो. तेव्हा अंगावर ओले फडके पाहिजे. आणि कोणाचे अंग तापून बोलणे भरकटले, तर घरगुती उपाय करत बसू नका. ओले करा, वारा घाला आणि तसेच दवाखान्यात न्या.

शेवटचे. घरकुलाची योजना २०१६ साली नव्याने सुरू झाली, तेव्हा सपाट भागातल्या एका घराला १ लाख २० हजार रुपये आणि निदान २५ चौरस मीटर जागा, असे ठरले. भिंती आल्या, शौचालय आले. वैशाखात त्या घरात दुपारी माणूस झोपू शकेल काय, हा प्रश्न आला नाही. तो प्रश्न आपण ग्रामसभेत विचारला पाहिजे. विचारूच. पण उत्तर येईपर्यंत दोन-चार वैशाख जातील, आणि घरातली म्हातारी तेवढे थांबेल याची हमी कोणी देणार नाही.

तूर निघाली की तुराट्या पेटवू नका. प्रत्येक गावात एक खोली करा. सगळ्यांत आधी ती खोली, जिथे दुपारी उठून बाहेर जाता न येणारे माणूस झोपते.

एवढे बोलून थांबतो.